केमन घे, पण टायर मला दाखवून

ठाणे

प्रिय बंड्या,

तर शेवटी तू दोन नावांवर येऊन थांबलास. एक, सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन. दुसरी, शोरूममधली कोरी बीएमडब्ल्यू एम२. आणि तीही रविवारी मिरवायला नाही, रोज पातलीपाड्याहून महापेला ऑफिसला जायला. वहिनींना हे वाक्य शेवटपर्यंत ऐकवलं आहेस का? ऐकवलं असशील तर पुढे वाच.

फोनवर तू सगळा वेळ ताकदीबद्दल बोलत होतास. एम२ ची ४८० पीएस (म्हणजे अश्वशक्तीच समज), केमनची ३००, म्हणून एम२ वरचढ. कागदावर आहेच. तीन लिटरचं सरळ रेषेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ताकद फक्त मागच्या चाकांना. ते इंजिन मलाही आवडतं. पण तुझा रस्ता आठव. मेट्रोच्या खांबांमधून कापूरबावडी, माजिवडा, मग कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रोड. सकाळी साडेआठला त्या रस्त्यावर ४८० पीएसचं काय करणार आहेस? रिक्षाच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ती ताकद नुसती पाय शिवशिवायला लावते. मजा चाळीसच्या वेगातही यायला हवी, आणि माझ्या मते ती केमनमध्ये जास्त येते. गाडी साधारण तीनशेपन्नास किलोने हलकी, इंजिन तुझ्या पाठीमागे मधोमध, त्यामुळे नाक हलकं. माजिवड्याच्या पुलावरून उतरताना नुसतं स्टिअरिंग वळवलं तरी हाताला काहीतरी कळतं.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. गाडी विकणारा तुझ्याशी साइडवॉलबद्दल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीबद्दल बोलणार नाही. माझं पोटच त्यावर चालतं. एम२ ला पुढे २७५/३५ आर १९ आणि मागे २८५/३० आर २० टायर येतात. यातले २८५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, आणि ३० म्हणजे त्या रुंदीच्या तीस टक्के उंची. २८५ चे तीस टक्के, म्हणजे मागच्या चाकाचं रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रबर. केमनच्या मूळ १८ इंची चाकांवर मागे २६५/४५ असतो, म्हणजे जवळजवळ बारा सेंटिमीटर. साडेतीन सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. जुलैमध्ये गायमुखच्या बाजूला एक चक्कर मारून ये, मग बोलू.

होतं काय, की पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही आणि त्याची कड लागते. त्या क्षणी रबर रिम आणि डांबर यांच्यात चिमटलं जातं, आतले दोरे तुटतात. हवा काही लगेच जात नाही. दोन दिवसांनी टायरच्या गालावर फुगा येतो, तेव्हा कळतं. फुग्याला इलाज नाही. पॅच नाही, मशरूम (भोक बुजवायची रबरी खुंटी) नाही, टायर बदलायचा. आणि हे टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे नव्हेत. कंपनीने मान्य केलेल्या टायरवर खूण असते: बीएमडब्ल्यूला ताऱ्याची खूण असलेला लागतो, पोर्शेला एन अक्षराची खूण असलेला. ते मागवावे लागतात आणि तोवर गाडी बेसमेंटमध्ये झाकून उभी. म्हणून पहिली अट: केमन घेतलीस तर १८ इंची चाकांचीच बघ. बऱ्याच मालकांनी हौसेने २० इंची घातलेली असतात. फोटोत छान दिसतात. सोड.

स्पीडब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून दोन्ही गाड्या निवांत जातील. पण आपल्या सोसायट्यांनी स्वतः सिमेंट ओतून जे उंचवटे केलेत त्यांना माप नाही. तिथे पोट घासतं, आणि पोट घासणं नुसत्या ग्राउंड क्लिअरन्सवर नाही, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरही असतं. ते अंतर केमनचं २४७५ मिलिमीटर, एम२ चं २७४७. जितकं अंतर जास्त तितका उंचवटा मधल्या भागाला जास्त भिडतो. बेसमेंटचा रॅम्प जिथे संपून सपाट होतो तिथेही हेच. नाकाची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच. तिरकं चढव, मागचा हॉर्न वाजवू दे.

केमनची बाजू घेतली म्हणून तिचे दोष लपवत नाही. ७१८ च्या साध्या मॉडेलचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन ऐकायला काही खास नाही. सकाळी थंडीत सुरू केलंस तर शेजारचे काका टेम्पो आला म्हणून खिडकीत येतील. गिअर लांब आहेत, दुसऱ्यातच शंभरी ओलांडते. ट्रॅफिकमध्ये रांगायला एम२ चा आठ गिअरचा ऑटोमॅटिक जास्त मऊ, कारण तो टॉर्क कन्व्हर्टरवाला आहे, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे देणारा. पोर्शेचा ऑटोमॅटिक, म्हणजे पीडीके, दुहेरी क्लचचा. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची तुझी जुनी सवय त्याला मानवणार नाही. आणि उंची १२९५ मिलिमीटर. बेलापूर रोडवर कंटेनरच्या ट्रेलरशेजारी उभा राहिलास की तुझं डोकं त्याच्या चाकाच्या पातळीला येतं. ट्रेलरवाल्याला तू दिसत नाहीस, हे रोज लक्षात ठेवायचं.

पावसाचं वेगळं सांगतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, तुला माहीतच आहे. अशा दिवशी दोन्हींपैकी एकही बाहेर काढायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि नेहमीच्या इन्शुरन्समध्ये ते नुकसान सहसा बसत नाही. इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन घे, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. अशा दिवसांसाठी घरातली वॅगन आर विकू नकोस, असं माझं स्पष्ट मत. तुझ्या घरच्या काकांचे गुडघे केमनमध्ये उतरतील, पण वर येणार नाहीत. केमनला सीट दोनच, चार माणसांची सोय वॅगन आर करेल. एम२ ची मागची सीट काही इतकी मोठी नाही की तेवढ्यासाठी निर्णय फिरवावा.

आता घाई का, ते. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. म्हणजे जे आहे ते सेकंडहँड बाजारात, आणि तिथे कमी चाललेली गाडी बघून हुरळून जायचं नाही. अशा गाडीच्या टायरला नक्षी भरपूर असते आणि रबर दगड झालेलं असतं. साइडवॉलवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ दिसलं तर २०१९ चा तेविसावा आठवडा; असे चार टायर असतील तर त्यांची किंमत सौद्यातून सरळ वजा कर. टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेला असला तर अलाइनमेंट गेलीय किंवा खाली काहीतरी वाकलंय. ते पुढचं मी रॅम्पवर घेऊन बघेन. इंजिन वरून दिसत नाही, ऑइल आणि कूलंटची तोंडं मागच्या डिकीत आहेत, त्यामुळे बोनेट उघडून मान डोलावण्याचा कार्यक्रम होणार नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून कॉम्प्युटरचा रिपोर्ट काढून घे, त्यात इंजिन मर्यादेबाहेर कितीदा फिरवलं गेलंय तेही कळतं. मालक नाही म्हणाला तर चहा पिऊन निघ.

टोकन देण्याआधी चारही टायरचे फोटो पाठव, आतल्या बाजूचेही. मामलेदारची मिसळ तुझ्याकडून, गाडी कुठलीही घे.

तुझाच,
सुन्या

ता. क. तुमच्या सोसायटीच्या स्टॅक पार्किंगच्या पाटीवर रुंदीची मर्यादा लिहिलेली असेल, ती आजच बघून ये. आरसे सोडून एम२ १८८७ मिलिमीटर रुंद आहे, केमन १८०१. पाटीवरच्या मापात गाडी बसलीच नाही तर वरचं सगळं पत्र तू वाचलं नाहीस तरी चालेल.