ओहायोतली ती दहा डॉलरची नोट

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तू घ्यायची म्हणतोस त्या जुन्या दहा डॉलरच्या नोटेचा फोटो मोठा करून पाहिला. ओहायोतल्या लहानशा गावची बँक, १९०२ ची मालिका, निळी मोहोर (सरकारी शिक्का) आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांचा चेहरा. मॅकिन्ले ओहायोचाच, त्यामुळे तू भाळलास यात नवल नाही! पण दुकानदार 'शंभर वर्षं जुनी आहे' एवढंच सांगून किंमत लावत असेल, तर लगेच पाकिटाला हात घालू नकोस.

बँकांनी आपल्या नावाने काढलेल्या या नोटांत वयाला फारसं कुणी विचारत नाही. १८६३ च्या कायद्याने हजारो बँकांना सरकारकडे कर्जरोखे ठेवून आपल्या नावाच्या नोटा काढता आल्या, आणि हे १९३५ पर्यंत चाललं. प्रत्येक बँकेला सनद क्रमांक, म्हणजे सरकारी परवान्याचा नंबर, असे, तो नोटेवर ठळक छापलेला दिसतो. भाव ठरतो तो त्या क्रमांकाच्या किती नोटा आज उरल्यात यावर. न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची नोट शे-दीडशे डॉलरला मिळेल, आणि तशीच दिसणारी एखाद्या खेड्यातल्या बँकेची नोट हजारोंत जाईल. ॲरिझोना राज्य होण्याआधीची असेल तर विचारूच नकोस. संग्राहकांनी बँकवार मोजदाद ठेवली आहे; तिथे आणि जुन्या लिलावांच्या भावांत आधी बघ. मात्र उद्या कुणाच्या माळ्यावर त्याच बँकेचं बंडल निघालं, तर भाव गडगडतो, हेही धरून चाल.

मग नोट हातात घे. उजेडासमोर धर, टाचणीची भोकं लगेच दिसतात. धुऊन, दाबून कोरी केलेली नोट मला तरी निर्जीव वाटते. खाली बँकेच्या कॅशियर आणि अध्यक्षाच्या सह्या बघ. त्या काळी नोटांचे अख्खे ताव बँकेत येत, तिथेच सह्या करून ते कापले जात, म्हणून कडा वाकड्या असल्या तर घाबरू नकोस. शाईची सही असेल तर मला ती जास्त आवडते. पुढे बऱ्याच बँकांनी रबरी शिक्के वापरले.

लाल मोहोरेच्या नोटा दुर्मिळ; मोहोर लाल असती तर मीच तुला 'घे' म्हणालो असतो.

मागच्या बाजूचा फोटो मात्र तू पाठवलाच नाहीस. तिथे १९०२-१९०८ असं छापलंय का ते पाहून कळव, त्यावरून निळ्या मोहोरेतला कुठला प्रकार ते कळेल, मग घासाघीस कशी करायची ते फोनवर ठरवू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश