कुकरच्या तीन शिट्ट्या आणि बाळकोबी

सातारा,
२० जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पुण्याहून आणलेल्या ब्रुसेल्स स्प्राउट्सना तू कुकरच्या तीन शिट्ट्या दिल्यास, झाकण उघडताच घरभर कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि वहिनींनी भांड्यासकट ते प्रकरण मागच्या अंगणात नेऊन ठेवले, हे वाचून मला हसूही आले आणि अपराधीही वाटले. कारण ही भाजी करून पाहा असा आग्रह दिवाळीत मीच धरला होता आणि ती कशी करायची हे सांगायला मात्र विसरलो होतो. आमच्याकडेही सुरुवात काही फार बरी झाली नव्हती. स्प्राउट्स आणले आहेत म्हटल्यावर आईने "मटकी की मूग?" असे विचारले, आणि पिशवीतून लिंबाएवढे हिरवे गड्डे बाहेर आल्यावर "ही तर कोबीची पिल्लं" एवढे म्हणून ती देवघरात निघून गेली.

आईचे म्हणणे फारसे चुकीचे नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि ही बाळकोबी या सगळ्या एकाच वनस्पतीच्या निरनिराळ्या जाती आहेत. फरक इतकाच, की कोबीचा शेंड्याशी एकच मोठा गड्डा धरतो, तर हिच्या उंच दांड्यावर प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकेक छोटा गड्डा येतो. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या परिसरात ती फार पूर्वीपासून पिकवली जात असल्यामुळे त्या शहराचे नाव तिला चिकटले.

तुझ्या घरातल्या वासाचे कारण मोहरीशी जोडलेले आहे. मोहरी फेसली की जी झिणझिणी नाकात जाते, तिचे मूळ असलेले सिनिग्रिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य या गड्ड्यांतही असते, आणि ते पाण्यात जितका जास्त वेळ शिजतात तितके त्यातल्या गंधकाचे उग्र वायू बाहेर पडत राहतात. म्हणजे दोष भाजीचा नव्हता, शिट्ट्यांचा होता. कडवटपणाबद्दल सांगायचे तर तो पूर्वी याहून जास्त असे. १९९० च्या दशकात हान्स व्हान डोर्न या डच शास्त्रज्ञाने सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन ही दोन द्रव्ये त्या कडवटपणामागे असल्याचे दाखवले, आणि त्यानंतर बियाणे कंपन्यांनी जुन्या, कमी कडू वाणांशी संकर करून आजचे सौम्य वाण तयार केले. तेव्हा युरोपात लहानपणी ही भाजी पाहून पळून गेलेल्यांच्या गोष्टी तू मनावर घेऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. ही भाजी शिजवायची नाही, भाजायची. पाव किलो गड्डे आधी अख्खेच धुऊन घे, वरची पिवळी पाने काढ आणि देठाकडचा वाळलेला भाग अगदी बारीक चकतीएवढाच काप, कारण जास्त कापलास तर पाने सुटी होतात. नंतर देठापासून शेंड्यापर्यंत उभे दोन भाग करून ते पंच्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ दे. या कोरडेपणाचा मी हट्ट धरतो आहे, त्याला कारण आहे: ओला पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर तापत नाही आणि भाजल्याचा खमंगपणा यायला साधारण १४० अंश तरी लागतात, म्हणून ओले गड्डे ओव्हनमध्ये घातले तरी ते नुसते वाफवले जातात. मग दीड मोठा चमचा शेंगदाण्याचे तेल, अर्धा लहान चमचा मीठ आणि थोडी मिरपूड हाताने चोळून, ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटे आधीच तापवून, गड्डे ट्रेमध्ये कापलेली बाजू खाली करून एकाच थरात मांड. त्यांची एसटीतल्यासारखी दाटी करू नकोस. जागा नसेल तर दोन घाणे काढ. वीस ते पंचवीस मिनिटांत खालची बाजू गडद तपकिरी होते आणि सुटलेली पाने कुरकुरीत होतात. आमच्याकडची मुले आधी ती पानेच वेचून खातात.

ओव्हन नसला तरी अडत नाही. भोगीच्या दिवशी मी हे सगळे बिडाच्या तव्यावरच केले होते: कापलेली बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर सहा मिनिटे उलथने अजिबात लावायचे नाही, मग चार मिनिटे झाकण, आणि शेवटी झाकण काढून दोन मिनिटे. उलथने न लावणे हेच सगळ्यांत कठीण जाते, कारण आपला हात भाजी परतायला सरावलेला असतो.

सांगलीकराला हळद घालू नकोस असे सांगणे धाडसाचे आहे, पण खरोखर घालू नकोस; इतक्या कोरड्या आचेवर ती करपते. कांदा-लसूण मसालाही नको. त्याऐवजी खाली उतरवल्यावर लिंबू पिळ, भाजलेले तीळ टाक आणि तासगावचे चारदोन बेदाणे चिरून मिसळ. किंचित कडवट भाजीला तो गोडवा इतका शोभतो, की बाजरीच्या भाकरीबरोबर आईनेही दुसऱ्यांदा मागून घेतली. अर्थात "कोबीपेक्षा महागच की" हे तिने त्यानंतरही ऐकवले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तू वजनासाठी विचारले होतेस. कच्च्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४३ कॅलरी, साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने, जवळजवळ चार ग्रॅम तंतू आणि ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भाजताना त्यातले काही क जीवनसत्त्व जाते, पण उकळून पाणी ओतून देण्यापेक्षा ते बरेच टिकते. तेल मोजून घातलेस तरच या आकड्यांना अर्थ राहील, हे तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे लिहितो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. काकांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनची गोळी चालू आहे असे तू मागे लिहिले होतेस. या भाजीत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते त्या गोळीचा परिणाम कमी करते. म्हणून त्यांच्या ताटात ती एकदम रोज वाढू लागण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. त्यांनी होकार दिला, तरी प्रमाण दर आठवड्याला सारखेच ठेवायला हवे.

उरलेली भाजी डब्यात झाकून ठेवू नकोस, घाम सुटून ती मऊ पडते. सकाळी तव्यावर पुन्हा गरम करून पोह्यांत घालता येते. पुढच्या रविवारी मी मिरजेला येणार आहे, तेव्हा सांगलीत तुझ्याकडे उतरेन आणि येताना अर्धा किलो घेऊन येईन. वहिनींना तेवढे आधी सांगून ठेव, आणि कुकर माळ्यावर टाक.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक