चरीच्या संपाचा दगड परत बसवा

मा. संपादक, स. न.

अलिबाग तालुक्यात आमच्या गावच्या फाट्यावर एक दगड होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बसवलेला, चरी गावच्या शेतकरी संपाची आठवण सांगणारा. रस्ता रुंद करताना ठेकेदाराच्या माणसांनी तो उपटून गटाराकडेला टाकला. अक्षरं खाली, पाठ वर.

मी एसटीत वाहक होतो. फाट्यावर घंटी मारताना रोज त्या दगडाकडे नजर जायची. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या कुळांनी खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायचं थांबवलं, ते १९३९ पर्यंत. राबायचं कुळाने आणि पिकातला मोठा वाटा न्यायचा खोताने, हे त्यांना मान्य नव्हतं. माझी आजी त्या दिवसांत डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन विकायला जायची. खाडीत चिंबोऱ्या मिळाल्या तर त्या दिवशी चूल पेटे. खारातली भातशेती डोळ्यांसमोर ओस पडलेली, तरी कुणी नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कूळ कायद्यामागेही या उपाशी घरांचा रेटा होता.

कार्यालयात दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही. दगड शाबूत आहे, मी स्वतः धुऊन ठेवलाय. पावसाआधी तो फाट्यावर, बसमधून वाचता येईल अशा उंचीवर बसवावा. खड्डा खणायला आम्ही गावकरी येऊ.

– एक निवृत्त एसटी वाहक, ता. अलिबाग