साडेसहा लिटरच्या जागेत एक लिटर कूलंट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रेडिएटरची वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सहाव्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, लिहितो.

गाडीला अजून तीन वर्षं झाली नाहीत. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्यात. तुमचं उत्तर : "ग्राहकाने साधे पाणी वापरले." हो, वापरलं. मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात काटा लाल रेघेला टेकला. गाडीत सत्तरीची आई, बाहेर बेचाळीस डिग्री. बॉनेट उघडून तासभर थांबलो, गाडी निवल्यावर प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या आणि कसंबसं गॅरेज गाठलं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळून गेलं होतं म्हणूनच पाणी ओतलं ना? भोक आधी, बाटली नंतर. एवढं तरी तुमच्या इंजिनियरला कळावं.

आता कालचा फोन. तुमच्या मुलानं विचारलं, "सर, तुम्ही लातूरचे ना?" म्हटलं हो. "मग टँकरचं पाणी टाकलं असेल." मागं कुणीतरी हसलं, मला स्पष्ट ऐकू आलं. मी सांगितलं, सीलबंद बाटलीचं होतं. तर म्हणे, "सर, तुमच्याकडं तर रेल्वेनं पाणी येतं ना?" ती रेल्वे २०१६ साली मिरजेहून आली होती. ते पाणी आम्ही प्यायलो. गाडीत ओतायची चैन तेव्हा कुणाला परवडत नव्हती.

तरी रागावलो नाही. विचारलं, मागच्या सर्व्हिसिंगला कूलंट कोणतं भरलं? "हिरवं, सर." अहो, गाडीसोबत दिलेल्या तुमच्याच पुस्तकात ऑर्गॅनिक ॲसिडचं, सिलिकेट नसलेलं भरा असं छापलंय. "हिरवं म्हणजे तेच, सर. कूलंट ते कूलंटच." पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावायचा रंग आहे का तो, रंग बघून निवडायला? ज्या कंपनीला जो आवडेल तो रंग ती घालते. बघायचं असतं ते आतलं रसायन.

आणि आता तुमचंच बिल बघा. गेल्या जूनचं. "कूलंट फ्लश व रिफिल", कूलंट १ लिटर. पुस्तकात क्षमता ६.५ लिटर. उरलेलं साडेपाच लिटर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गाड्या धुवायचा पाईप तुमच्या पोरानं थेट आत सोडला. तो पाईप बोअरचा. तुमच्या वर्कशॉपमधल्या हात धुवायच्या नळाला पांढरा खडा धरलाय, एकदा नखानं खरवडून बघा. मी तिथंच विचारलं होतं. उत्तर मिळालं, "काका, कंपनीची प्रोसेसच आहे ही." ॲडव्हायझरनं वर ज्ञान दिलं की लातूरला बर्फ पडत नाही, कूलंट कमी चालतं. पाणी गोठू न देणं सोडा हो, गंज थोपवणारी औषधंही त्याच डब्यात असतात!

गाड्या तुम्ही बनवता, म्हणून लांबण लावत नाही. ॲल्युमिनियमला वाचवतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर. पाण्यातले क्लोराइड तो फोडतात, मग तिथंच खड्डा खोल होत जातो. जड पाण्यातले क्षार नळीत बसतात ते वेगळंच. म्हणून निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. तुमचं प्रमाण पंधरा टक्के. तेही तो डबा कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटचा असेल तर. तयार मिश्रणाचा असेल तर त्याच्याही निम्मं. साडेसहा लिटरला एक लिटर! दूधवाला तरी लाजतो.

इथल्या रेडिएटरवाल्यानं एक नळी उभी कापून दाखवली. आत चुन्यासारखा थर, थर खरवडला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं, एक-दोन नाही, ओळीनं. दोन बाटल्यांचं पाणी एका दुपारीत एवढं करत असेल तर ते आम्ही पितो कसं? "पितळी असतं तर डाख लावून दिला असता," तो म्हणाला, "याला नवंच टाका."

तर नवा रेडिएटर तुमच्या खर्चानं, पुस्तकात लिहिलेलं कूलंट, आणि जूनच्या बिलाचे पैसे परत. पंधरा दिवस वाट बघतो. पुढं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, चौकशी केलीय. वडिलांनी तुमचीच गाडी चौदा वर्षं वापरली, म्हणून मीही तुमचीच घेतली. त्यांना हे सांगितलेलं नाही.

बिल आणि जॉब कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. कापलेली नळी पाठवणार नाही, ती माझ्याकडं डब्यात आहे. बघायची असेल तर लातूरला या. चहा मिळेल. पाणीसुद्धा मिळेल.

एक ग्राहक,
लातूर