साभार परत आलेल्या गोष्टींविषयी, आई-बाबांस

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, इतकी वर्षे मुलांसाठी लिहिते आहेस, अजून एकही पुस्तक निघालेले नाही, तर लेखनात थोडा बदल करून पाहावा असे तुला वाटत नाही का? विचारण्यात टोचणी नव्हती, काळजी होती, आणि म्हणूनच दोन वाक्यांत उत्तर उरकणे मला बरे वाटले नाही. "लिहून कळवते" असे मी म्हणाले ते विषय टाळण्यासाठी नव्हे. मला कोणत्या गोष्टी आवडतात, मी कशासाठी लिहिते आणि हे सारे माझ्यात कुठून आले, हे मी तुम्हाला आजवर नीट सांगितलेलेच नाही, आणि त्यातले पुष्कळसे तर तुमच्याकडूनच आलेले आहे.

आधी बाबा म्हणतात त्या बदलाविषयी. मागच्या वर्षी एका संपादकांनी माझी किल्लीची गोष्ट साभार परत पाठवली. तुम्ही ती वाचलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगते. घराची किल्ली हरवते, सगळे धाकट्या भावाला बोल लावतात, आणि किल्ली असते ती मोठ्या बहिणीच्या खिशात. ती सगळी संध्याकाळ ती किल्ली मुठीत धरून बसते, इतकी घट्ट की तळव्यावर किल्लीच्या दात्यांचे वळ उमटतात. शेवटी ती उठते, किल्ली टेबलावर ठेवते, आणि अजून कोणी काही बोललेले नसताना गोष्ट थांबते. संपादकांनी भाषेचे मनापासून कौतुक केले होते आणि शेवटी तात्पर्य जोडल्यास पुन्हा विचार करू, असे लिहिले होते. मी ते जोडून पाहिले. नेहमी खरे बोलावे, अशा अर्थाचे एकच वाक्य होते, पण ते लिहिताच आधीची बारा पाने त्या वाक्याची प्रस्तावना होऊन बसली. तळव्यावरचे वळ कोणाला आठवले नसते. मुलांनी शेवटची ओळ पाठ केली असती आणि पुस्तक मिटले असते. मी ते वाक्य खोडले आणि गोष्ट पुन्हा पाठवली नाही.

याचा अर्थ मुलांना चांगल्या-वाइटाविषयी काही सांगू नये असे मी मानते, असा कृपया घेऊ नका. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले 'श्यामची आई' तुम्हीच माझ्या हाती दिले होते, आणि त्या पुस्तकात उपदेश काही कमी नाही. तरी मला आज आठवतो तो उपदेश नव्हे. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून खाली पाय ठेवायला तयार नसलेला तो मुलगा आठवतो, आणि त्याच्यासाठी धोंड्यावर पदर पसरणारी त्याची आई आठवते. ते ओले तळवे आधी आले म्हणून पुढचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले. ज्या लेखकांना हा क्रम उमगला आहे त्यांचा उपदेशही मला आवडतो. ज्यांची गोष्ट उपदेशासाठी भाड्याने आणल्यासारखी वाटते, त्यांची पुस्तके मी लहानपणीही अर्धी ठेवत असे.

आई, तुला बरणीतला सुरवंट आठवतो का? मी सात वर्षांची असेन. मी त्याला काचेच्या बरणीत ठेवले, रोज पाने घातली, त्याने कोश केला, आणि एका पहाटे, मी झोपेत असताना, त्यातून फुलपाखरू बाहेर आले. कोशातून निघालेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते मोकळ्या जागेत खाली लोंबकळून शरीरातला द्रव पंखांत सोडते, तेव्हा कुठे ते पंख पसरून वाळतात. बरणी अरुंद होती. पंख घड्या पडलेल्या स्थितीतच वाळले. तू ते माझ्या आधी पाहिलेस. बरणी रिकामी करून "रात्री उडून गेले" असे सांगणे तुला सहज शक्य होते. मी विश्वास ठेवला असता आणि दिवसभर आनंदात राहिले असते. तू मला उठवलेस, बरणी दाखवलीस, आणि म्हणालीस, "आपली बरणी लहान पडली." 'तुझी' म्हणाली नाहीस, 'आपली' म्हणालीस. मग ते फुलपाखरू होते तोवर, म्हणजे दुपारपर्यंत, तू माझ्याशेजारी बसून राहिलीस.

मुलांसाठी कसे लिहावे, हे मी ज्या ज्या ठिकाणी शिकायचा प्रयत्न केला, त्यांतल्या कुठल्याही ठिकाणी मला याहून अधिक मिळाले नाही. मुलांपासून खरे लपवायचे नाही, आणि खरे सांगून त्यांना एकटे सोडायचे नाही. पहिला अर्धा भाग पाळणारे लेखक पुष्कळ आहेत आणि त्यांची पुस्तके कधीकधी निष्ठुर होतात. दुसराच अर्धा भाग पाळणारे त्याहून अधिक आहेत आणि त्यांची पुस्तके गोडमिट्ट होतात. दोन्ही एकत्र साधलेले पुस्तक हाती आले की मी ते पुन:पुन्हा वाचते. ई. बी. व्हाइट यांचे 'शार्लट्स वेब' (१९५२), एका कोळिणीच्या आणि डुकराच्या पिल्लाच्या मैत्रीची गोष्ट, तसे आहे. ते लिहिण्यापूर्वी त्यांनी वर्षभर कोळ्यांविषयी वाचले, गोठ्यातल्या कोळ्याची अंड्यांची पिशवी आणून तिच्यातून पिल्ले बाहेर पडताना पाहिली, आणि म्हणून त्यांची कोळीण बोलत असली तरी कोळीणच राहते. आपण माश्यांचे रक्त पितो हे ती न लाजता सांगते. पुढे ती मरते, तेव्हा तिच्याजवळ कोणीही नसते, आणि लेखक ते झाकत नाहीत. पण तिची पिल्ले उरतात, आणि तिच्या मित्राला तिची आठवण शेवटपर्यंत राहते. हे पुस्तक ध्वनिमुद्रणासाठी स्वतः वाचताना तिच्या मृत्यूपाशी व्हाइट यांचा आवाज पुन:पुन्हा भरून येत असे आणि थांबावे लागत असे. स्वतः लिहिलेल्या ओळीपाशी ज्याचा गळा दाटतो, त्या लेखकाने मुलांना फसवलेले नसते, असे मला वाटते.

माझ्या आवडीनिवडीतला दुसरा मोठा वाटा बाबांचा आहे. तुम्ही रात्री वाचून दाखवायचात. थकून आलेल्या दिवशी एखादे पान गाळायचा प्रयत्न करायचात, आणि मी डोळे मिटूनच "मधले राहिले" म्हणायचे. मला तेव्हा अक्षरओळख धड नव्हती. मी ते पान कानाने ओळखत होते. म्हणून आजही मी गोष्ट मोठ्याने म्हटल्याशिवाय पुरी झाली असे मानत नाही. लहान मुले वाचक होण्याआधी श्रोते असतात, आणि वाचणाऱ्या मोठ्या माणसाला श्वास कुठे घ्यायचा हे वाक्यातच ठरलेले असावे लागते. तीच ओळ तिसऱ्यांदा येते तेव्हा मुलाने ती आधीच म्हणून टाकावी, यासाठी पहिल्या दोन वेळा तिच्यातला एक शब्दही हलता कामा नये. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी लिहिताना मी जोडाक्षरे टाळते. हे बंधन सुरुवातीला जाचक वाटायचे, पण 'प्रकाश' वापरता येत नाही तेव्हा 'उजेड' सापडतो, 'वृक्ष' नको असतो तेव्हा 'झाड' सापडते, आणि बहुतेक वेळा सापडलेला शब्दच अधिक आपला निघतो.

मला बोबडी भाषा आवडत नाही. मुलांच्या डोक्यावरून मोठ्यांना खूण करणारा विनोद आवडत नाही. चुकणाऱ्या मुलाला शेवटी इजा होते, अशा गोष्टी तर मला अन्यायाच्या वाटतात. मला पहिल्या ओळीतच सुरू होणारी गोष्ट आवडते, आणि चित्राला काही राखून ठेवणारी. चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते, कारण छापील ताव दुमडले की पाने सोळाच्या पटीत पडतात. त्या बत्तीसांत प्रत्येक वेळी पान उलटताना काहीतरी घडायला हवे. मी कोऱ्या कागदांची तशी पुस्तिका शिवते आणि तीत मजकूर लिहून पाहते, तेव्हाच कळते की मी चार पाने नुसते वर्णन करत होते.

आता पुस्तक न निघण्याविषयी. इंग्रज लेखिका बीट्रिक्स पॉटर यांनी आपल्या पीटर नावाच्या सशाची गोष्ट प्रथम लिहिली ती एका पत्रात. ४ सप्टेंबर १८९३ रोजी, आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला, सोबत रेखाटने काढून. काही वर्षांनी ते पत्र त्याच्याकडून मागून घेऊन त्यांनी पुस्तक बेतले, अनेक प्रकाशकांनी ते नाकारले, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या; पुस्तक लहान हातांत मावेल एवढेच हवे, यावर त्यांचा कटाक्ष होता. १९०२ मध्ये प्रकाशकाने ते काढले. अॅस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेच्या पिप्पी या नायिकेचा जन्मही १९४१ मध्ये, न्यूमोनियाने अंथरुणावर असलेल्या त्यांच्या मुलीला गोष्ट सांगताना झाला, आणि नाव त्या मुलीनेच सुचवले. पहिल्या प्रकाशकाने हस्तलिखित परत केले, पुस्तक निघाले ते १९४५ साली. या हकिकती साधारणपणे 'नकारानंतर यश' म्हणून सांगितल्या जातात. मला त्यांत वेगळे काही दिसते. त्या दोन्ही गोष्टींचे काम पुस्तक निघण्याआधीच झाले होते, कारण एका आजारी मुलाची दुपार आणि एका आजारी मुलीची संध्याकाळ त्यांनी सोबत करून सुसह्य केली होती. पुढे लाखो मुले आली ती त्या एकाच्या मागोमाग.

माझ्याकडेही असे एक मूल आहे. दादाच्या लेकीला मी प्रत्येक नवा खर्डा वाचून दाखवते आणि कागदाऐवजी तिच्या पायांकडे लक्ष ठेवते. ऐकताना तिचे पाय स्थिर असतात. ते हलू लागले की मी समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढते आणि वाचत राहते. किल्लीच्या गोष्टीत सातव्या पानावर तीन रेघा होत्या. ते पान मी नऊ वेळा लिहिले. शेवटचे वाक्य ऐकून ती गप्प राहिली, मग तिने स्वतःची मूठ उघडून तळवा पाहिला. मी विचारले काहीच नव्हते.

तेव्हा बाबा, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. मी बदल करीन, रोजच करते. सातवे पान अजूनही मला जड वाटते. ज्या संपादकांना गोष्ट लांब वाटेल त्यांचे मी ऐकेन, चित्रकाराला जागा हवी असेल तर परिच्छेद काढून टाकीन, आणि या वर्षी किल्लीची गोष्ट आणखी दोन ठिकाणी पाठवणार आहे. पण ते तात्पर्य मी जोडणार नाही, आणि त्यामुळे पुस्तक निघायला आणखी वर्षे लागली तर ती वर्षे मला मंजूर आहेत. माझी नोकरी नीट चालली आहे, लिहायला पहाटेचे दोन तास मिळतात, आणि या दोन तासांत मी दुःखी नसते. हे तुम्हाला ठाऊक असावे, कारण तुमच्या काळजीचा मोठा भाग त्याविषयीच असणार.

सोबत गोष्टीची शिवलेली पुस्तिका पाठवत आहे. बाबा, ती मनातल्या मनात वाचू नका. आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि जिथे आवाज अडखळेल तिथे समासात रेघ ओढा. आई, तू ऐकताना त्या बहिणीची बाजू घ्यावीशी कधी वाटली ते पान मला कळव. पुस्तिका परत पाठवताना घाई करू नका, माझ्याकडे दुसरी प्रत आहे.

तुमची,
ताई