मला गेम नाही, कॅमेरा लागतो हे ओळखणाऱ्या माझ्या भाच्याला

प्रिय सोन्या,

फोनवर तुला थँक्यू म्हटलं की तू "काय गं मावशी, त्यात काय" म्हणून लगेच विषय बदलतोस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल तुला. आणि दुसरंही एक कारण आहे. माझ्यासारखे बरेच जण असणार ज्यांना मांजरांचे हे गोड गेम बघून खेळावेसे वाटतात, मग दहा मिनिटांत डोकं गरगरतं, पोटात ढवळायला लागतं, आणि आपल्याला नाही जमत म्हणून ते कायमचे बाजूला होतात. मीही झाले होते. तुला ते माहीतसुद्धा नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

मांजर होऊन खेळायचा 'स्ट्रे' हा गेम २०२२च्या जुलैमध्ये आला तेव्हा तू तो खेळत होतास आणि मी मागे सोफ्यावर विणत बसले होते. पावसात भिजलेली ती हिरवी पडकी जागा, चार मांजरं, एकमेकांना चाटतायत, लोळतायत, आणि मग ते केशरी मांजर पाईपवरून घसरून खाली पडतं ना, तेव्हा माझ्या हातातल्या सुया थांबल्या होत्या. उठून जाताना ते लंगडतं बघ थोडं. मला ते बघवेना आणि नजरही हटवता येईना. पण पुढच्या पंधरा मिनिटांत मला इतकं मळमळलं की डोकं दुखतंय सांगून आतल्या खोलीत जाऊन पडले. नंतर एकदा तू नसताना मी गुपचूप कंट्रोलर हातात घेऊन बघितला, तेव्हाही तेच. मग मनाची समजूत घातली की हे आपलं नाही, आपण नुसते फोटो बघावेत.

दोन वर्षांनी बोलता बोलता हे तुझ्याशी निघालं आणि तू एवढंच विचारलंस, "मावशी, तुला गाडी लागते ना?" लागते की, लहानपणापासून लागते, गाडीत पुस्तक उघडलं की संपलंच. "मग तुला गेम नाही लागत, कॅमेरा लागतोय." कॅमेरा म्हणजे गेममध्ये आपल्याला दृश्य दाखवणारी, फिरणारी नजर. हे वाक्य माझ्या किती कामाला आलं ते तुला कळावं म्हणूनच खरं हे पत्र.

तू समजावलंस ते मी पुढे चार जणांना सांगितलंय. गाडीत वाचताना डोळे म्हणतात पान स्थिर आहे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो अरे आपण हलतोय, दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. गेममध्ये बरोब्बर उलटं, डोळ्यांपुढे सगळं धावतंय आणि शरीर सोफ्यावर ढिम्म. आणि मग तू विचारलंस की गाडी चालवणाऱ्याला कधी गाडी लागते का? सहसा नाही लागत, कारण पुढचं वळण कधी येणार हे त्याच्या हातात असतं. तू खेळताना मी मागून बघत होते ते म्हणजे मागच्या सीटवर बसल्यासारखं होतं. आणि म्हणून, सोन्या, त्या दिवसापासून आजपर्यंत तू माझ्या हातातून एकदाही कंट्रोलर घेतला नाहीस. मी कितीही अडकले, कितीही वेळ लागला, एकच उडी वीसवीस वेळा चुकली, तरी "दे इकडे, मी करून देतो" हे तुझ्या तोंडून आलं नाही. याच गोष्टीचे आभार मला मानायचेत, बाकी सगळं त्याच्या पोटात आलं.

तू मला एकदम त्या केशरी मांजराकडे नेलं नाहीस. आधी ज्यात कॅमेराच नाही असे गेम दिलेस. फोनवर 'नेको अत्सुमे', हिट-पॉइंट नावाच्या जपानी कंपनीचा, २०१४चा. अंगणात खाऊ ठेवायचा, एखादा चेंडू, एखादी उशी ठेवायची आणि चक्क गेम बंद करायचा. आपण नसताना मांजरं येऊन जातात, जाताना मासे ठेवून जातात, आणि एखादं फार वेळा आलं की आपल्यासाठी आठवणीची वस्तू सोडून जातं. टब्स नावाचं ते गोलमटोल मांजर आलं की सगळा खाऊ फस्त, आणि तरी मी त्याची वाट बघायचे. सगळ्या मांजरांकडून भेटवस्तू मिळेपर्यंत मला काही महिने लागले, पण घाई कुणालाच नव्हती. मग लॅपटॉपवर 'अ बिल्डिंग फुल ऑफ कॅट्स', एकेका खोलीत शिरून पडद्यामागे, कपाटात लपलेली मांजरं शोधायची. शेवटचं एक मांजर सापडेना म्हणून तुला रात्री साडेअकराला फोन केला होता आठवतं? तू म्हणालास, "जिथे मांजर असूच शकत नाही असं तुला वाटतं तिथे बघ." सापडलं. कुठे ते सांगितलं नाहीस हे फार चांगलं केलंस.

'क्विल्ट्स अँड कॅट्स ऑफ कॅलिको' मात्र मला सगळ्यात आवडला, आणि कोझी, म्हणजे असे निवांत गेम, डोकं न चालवता खेळायचे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एकदा खेळून बघावा. षटकोनी तुकडे जोडून गोधडी करायची. सहा रंग, सहा नक्ष्या. एका रंगाचे तीन तुकडे शेजारी आले की एक बटण लागतं, पण मांजरं रंग बघत नाहीत, ती नक्षी बघून येऊन बसतात, म्हणजे रंग सांभाळला तर मांजर जातं आणि मांजर सांभाळलं तर बटण जातं. मूळचा हा पटावरचा खेळ आहे, २०२०चा. मी आयुष्यभर विणलंय त्यामुळे मला वाटलं होतं हे सहज येईल, पण विणताना चुकलं तर उसवता येतं, इथे ठेवलेला तुकडा उचलता येत नाही. एकेक तुकडा हातात धरून पाच-पाच मिनिटं बसायचे मी आणि तू समोर बसून काही म्हणजे काही बोलायचा नाहीस.

मग 'लिटिल किटी, बिग सिटी'. इथे पहिल्यांदा कॅमेरा माझ्या हातात आला. खिडकीतून खाली पडलेलं काळं मांजर, त्याला परत घरी जायचंय, पण वाटेत अख्खं गाव हिंडायला मोकळं. इथे मरणं नाही, घड्याळ नाही, पाण्याच्या डबक्यात मात्र मांजर पाय घालत नाही, अगदी खऱ्या मांजरासारखं. वेलींवर चढायला दम लागतो आणि मासा खाल्ला की हा दम वाढतो. तू मला इथे जे शिकवलंस ते कुठल्याच सेटिंगमध्ये लिहिलेलं नसतं. चालताना उजवा अंगठा कंट्रोलरवरच्या कॅमेरा फिरवायच्या काडीवरून उचलून ठेवायचा. कॅमेरा फिरवायचाय तर आधी थांबायचं, मग फिरवायचा, मग चालायचं. दोन्ही अंगठे एकदम चालले की नवशिक्या माणसाचा कॅमेरा हिसके खातो आणि तेच डोक्यात जातं. शिवाय कॅमेऱ्याचा वेग अगदी कमी केलास, मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र पुसट करणारा इफेक्ट, बंद, खोलीतला दिवा चालू, खुर्ची टीव्हीपासून लांब, आणि पंधरा मिनिटं झाली की बंद, बरं वाटत असलं तरी बंद. मला वाटायचं बरं वाटतंय तर खेळू दे ना. तू म्हणायचास मळमळायला लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो, आधी थांबायचं. पंधराची वीस मिनिटं झाली, विसाची तीस. बदकाची हरवलेली पिल्लं एकेक करून बापाकडे पोचवली तेव्हा लक्षात आलं की चाळीस मिनिटं झालीत आणि माझं पोट अगदी ठीक आहे. मी लॅपटॉप बंद केला आणि तुला मेसेज केला, "आता केशरी."

दुसऱ्याच दिवशी तू तुझा प्लेस्टेशन घेऊन आलास.

स्ट्रेबद्दल लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. तू सांगितलंस की तो गेम फ्रान्समधल्या ब्लूट्वेल्व्ह नावाच्या छोट्या स्टुडिओने केलाय आणि त्यातलं शहर हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीवरून सुचलंय, ती दाटीवाटीची वस्ती नव्वदच्या दशकात पाडली. मी नंतर तिचे जुने फोटो बघितले आणि मग गेममधल्या त्या गल्ल्या, वायरींची जाळी, टांगलेले दिवे सगळं वेगळंच दिसायला लागलं. आणि माझ्यासारखीला बरं म्हणजे इथे उडी कुठेही मारता येत नाही, जिथे मारता येते तिथे खूण दिसते, त्यामुळे चुकून खाली पडायची भीती नाही आणि कॅमेऱ्याचे हिसकेही कमी.

बी-ट्वेल्व्ह, म्हणजे मांजराच्या सोबतीचा छोटा उडता रोबो, त्या मांजराच्या पाठीवर पट्टा चढवतो तो क्षण. पट्टा लागल्याबरोबर मांजर तिथल्या तिथे आडवं पडतं, मग उठतं तर पोट जमिनीला घासत, पाय वाकवून, जणू पाठीवर डोंगर आहे असं चालतं. ज्याने खऱ्या मांजराला पहिल्यांदा पट्टा बांधून बघितलाय त्यालाच हे सुचेल. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दोन मिनिटं नुसती बघत बसले.

आणि ती रंगाच्या डब्याची संध्याकाळ, खरं तर दोन संध्याकाळी. या शहरात राहतात ते सगळे रोबोच. थंडीने थरथरणाऱ्या इलियट रोबोसाठी आजी रोबो विजेच्या वायरींचा पोंचो विणून देणार, वायर पाहिजे तर दुकानदाराला कपडे धुण्याची पावडर द्यायची, पावडर लाँड्रीत, लाँड्रीचं दार बंद. वर गच्चीवर दोन रोबो एकमेकांकडे रंगाचे डबे फेकतायत. मी सगळीकडे उड्या मारून झाले, दारं ओरबाडून झाली. तुला विचारलं तर तू म्हणालास, "उत्तर नाही सांगणार, पण तुला काय काय करता येतं ते मोठ्याने म्हण." मी म्हटलं, पळता येतं, उडी मारता येते, ओरबाडता येतं, वस्तू ढकलता येतात, झोपता येतं, आणि म्याव करता येतं. म्याव म्हणताना मी थांबले. तोपर्यंत ते गोलाचं बटण मी नुसतं हौसेने दाबत होते, कंट्रोलरमधून आवाज येतो म्हणून. गच्चीवर गेले, त्याने डबा फेकायला हात उचलला, मी म्याव केलं, आणि डबा थेट खाली. लाँड्रीवाला ओरडत बाहेर आला, मी आत. तू टाळ्या वाजवल्यास. अरे, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि मी खरंच ते माझं मी केलं होतं.

झर्क, म्हणजे झुंडीने अंगावर येणारे छोटे जीव, मागे लागतात तो पाठलाग मला सगळ्यात जड गेला, कारण तिथे थांबून कॅमेरा फिरवायला वेळच नसतो. तू सांगितलंस, "भिंतींकडे बघू नकोस, मांजराच्या पाठीकडे बघ, बाकी सगळं धावू दे." नजर एका जागी ठरली की गरगरणं खरोखर कमी होतं. तरी मी पुन्हा पुन्हा मेले, आणि वाईट वाटत होतं तेवढ्यात ट्रॉफी, म्हणजे गेममधलं छोटं बक्षीस, आली, नऊ वेळा मेल्याबद्दल. गेम करणाऱ्यांनी हे मोजून ठेवलंय, मांजराचे नऊ जन्म म्हणून, ते बघून मला जे हायसं वाटलं! दहाव्या वेळी निसटले.

बारा चॅप्टर. बहुतेक जण पाच-सहा तासांत संपवतात, मला पाच आठवडे लागले. शेवट इथे लिहीत नाही, ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी. तेव्हा तू घरी नव्हतास, गेम करणाऱ्यांची नावं वर सरकत होती आणि मी एकटीच रडत होते, मळमळीने नाही. तुला फोन लावला आणि काही बोलताच येईना, तर तू म्हणालास "संपला ना? बस, मी आहे फोनवर." नावं संपेपर्यंत तू लाइनवर होतास, एक शब्द न बोलता.

आता राहिलेल्या ट्रॉफ्या एकेक करतेय. शंभर वेळा म्याव झालं, ते तर कधीच झालं होतं. गाणी वाजवणाऱ्या मोरुस्क रोबोच्या आठही गाण्यांचे कागद मिळाले, आता तो मी सांगेन ते वाजवतो. दोन तासांच्या आत गेम संपवायची एक ट्रॉफी आहे ती मला नकोय, मला तिथून इतक्या घाईने जायचंच नाही. ती तू तुझ्या सेव्हवर कर, तुझ्या फाइलला मी हात लावलेला नाही. आज दुपारी तासभर झोपायची ट्रॉफी केली. मोरुस्कशेजारी मांजराला झोपवलं, कॅमेरा आपोआप हळूहळू मागे मागे गेला, आणि मी समोर विणायला बसले. तुझ्यासाठीच विणतेय, केशरी रंगाचं, मान जरा मोठी ठेवलीये. रविवारी कंट्रोलर न्यायला येशील तेव्हा माप बघून घेऊ.

तुझी,
मावशी