११ जुलै, ६ वाजून २४ मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि कामावरून घरी निघालेली १८० हून अधिक माणसे घरी पोहोचलीच नाहीत. या दिवशी सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी, म्हणजे पहिला स्फोट झाला त्या वेळी, सर्व मराठी वाहिन्यांनी दरवर्षी दोन मिनिटे आपले कार्यक्रम आणि जाहिराती थांबवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या शहराला अशी शांतता परकी नाही. स्फोटानंतर बरोबर आठवड्याने, १८ जुलैला, भोंगे वाजले तेव्हा मी बोरिवली स्थानकाबाहेर होतो. वडापाववाल्याने झारा कढईच्या कडेला टेकवला आणि हात जोडले. रिक्षावाले खाली उतरून उभे राहिले. शेजारची एक अनोळखी बाई माझा दंड धरून रडत होती. ती दोन मिनिटे मी अजून विसरलेलो नाही.

प्रत्यक्ष घटनेच्या दिवशी मात्र प्रक्षेपण थांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या संध्याकाळी मोबाइल लागत नव्हते आणि घरोघरी बायकामुले दूरचित्रवाणीसमोर बसून आपल्या माणसाची काही खबर लागते का, हे पाहत होती. तेव्हा पडदा काळा करणे क्रूरपणाचे ठरले असते. थांबायचे ते नंतर, स्मरणासाठी. मोठ्या नेत्याच्या निधनानंतर आकाशवाणीवर दिवसच्या दिवस सारंगी-सतारीचे सूर लागलेले माझ्या पिढीने ऐकले आहेत. मग लोकलमध्ये गेलेल्या कारकुनासाठी, विद्यार्थ्यासाठी दोन मिनिटे जड का व्हावीत?

उत्पन्न बुडेल, असे म्हटले जाईल. नियमांनुसार वाहिन्यांना तासाला बारा मिनिटे जाहिरातींची मुभा आहे. त्यांतली दोन, तीही वर्षातून एकदाच, सोडायची आहेत. त्या वेळात फाटलेल्या डब्यांची जुनी दृश्ये आणि करुण संगीत नको. गेल्या वर्षी एका वाहिनीवर ती दृश्ये संपतात न संपतात तोच साबणाची जाहिरात लागली, तेव्हा माझ्या घरात कोणालाच काही बोलवेना.

२१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने या खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. मग हे केले कोणी, हा प्रश्न इतक्या वर्षांनी आप्तांपुढे पुन्हा उभा राहिला असताना, त्यांची माणसे आपल्या लक्षात आहेत एवढे तरी त्यांना दिसले पाहिजे. म्हणून काळ्या पडद्यावर, कुटुंबीयांच्या संमतीने, फक्त नावे यावीत. सगळी नावे दोन मिनिटांत सावकाश वाचून होणार नाहीत. पण जिथे थांबू तिथून पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात करता येईल.

आपला,
एक वाचक, बोरिवली